दोन मिनिटांचा मुक्काम

पुण्याहून दिल्लीला विमानाने जाणार असाल तर डाव्या हाताची खिडकी मागून घ्या. नकाशावर या दोन शहरांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती जवळपास मनमाडवरून जाते. रेघेची लांबी साधारण साडेअकराशे किलोमीटर आणि विमानाचा वेळ दोन तासांच्या थोडा पुढे. प्रत्येक विमान काही त्या रेघेवरूनच उडत नाही. वारा, ढग आणि जमिनीवरून मिळणाऱ्या सूचना त्याला इकडेतिकडे सरकवतात. आज मात्र तुमचं विमान रेघ धरून निघालंय आणि पौषातली हवा धुतल्यासारखी स्वच्छ आहे. उडून वीसेक मिनिटं झालीत. चहाची गाडी अजून तुमच्या रांगेपर्यंत आलेली नाही.

काचेला कपाळ टेकवून पश्चिमेकडे बघा. पूर्व-पश्चिम पसरलेली एक उघडीबोडकी डोंगररांग दिसेल. कोळधेर, राजधेर, इंद्राई आणि त्यांच्याच ओळीत चांदवडचा किल्ला. रांगेला जिथे खाच पडलीय तिथून एक करडा रस्ता वर येतो आणि राहुड घाटातून मालेगावच्या अंगाला निघून जातो. खाचेच्या पायथ्याशी जे फिकट ठिपके दिसतात, ते चांदवड.

विमान मिनिटाला तेरा किलोमीटर कापतंय. पायी निघालेला माणूस दिवसभरात पंचवीस किलोमीटर चालला तर त्याची मजल चांगली झाली असं म्हणत. म्हणजे त्याचा एक अख्खा दिवस, पहाटेची चूल, दुपारची सावली, पायातला काटा आणि संध्याकाळची धर्मशाळा, हे सगळं तुमच्या खिडकीतून दोन मिनिटांत सरकून जातं.

ती दोन मिनिटं आज नीट बघू. पट्टा सोडा आणि खाली या.

पाय टेकतात तेव्हा ऑक्टोबर १६७० आहे. पाऊस नुकताच सरलाय, गवत कमरेला लागतंय आणि चांदवडच्या माळावर मोगलांची छावणी पडलीय. दाऊदखान कुरेशी संध्याकाळीच इथे आलाय. बारा दिवसांपूर्वी शिवाजी महाराज सुरतेहून निघाले. बागलाणातून खजिन्याचे घोडे आणि बैल घेऊन ते या रांगेतली एखादी खिंड ओलांडणार, एवढं खानाला कळलंय. कोणती खिंड, हे कळलेलं नाही. तुम्ही शेकोटीजवळ उभे असता तेव्हा मध्यरात्र होते आणि हेर येतात. मराठे कांचन-मंचनच्या खिंडीतून उतरताहेत. क्षणात छावणी जागी होते, अंधारातच घोड्यांवर जीन चढतं.

१७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या परिसरात लढाई झाली. आघाडीवरचा इखलासखान जखमी झाला, मोगलांचा पराभव झाला आणि खजिना सुखरूप पुढे गेला. पण तुमच्या लक्षात राहील ती हेरांची धाप. सुरत ते वणी सरळ रेघेत दीडशे किलोमीटरही भरत नाही, तुमच्या विमानाची दहा-अकरा मिनिटं. त्या रात्री मात्र एका फौजेचं आणि एका खजिन्याचं भवितव्य एका पायी माणसाच्या दमावर टांगलेलं होतं.

आता नव्वद वर्षं पुढे या. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. चांदवडच्या वेशीतून आत शिरताना हात काखेत घालावे लागतील इतकी थंडी आहे. परातीत ज्वारीचं पीठ, चुलीत तुराट्या, ओट्यावर ऊन खात बसलेली म्हातारी माणसं. मल्हारराव होळकरांच्या पथकांत या भागातली माणसं आहेत, त्यामुळे उत्तर हा इथे घरातला विषय आहे. गेल्या वसंतात भाऊसाहेबांची फौज दक्षिणेतून निघाली. मार्चमध्ये निघालेली ती फौज यमुनेकाठी दिल्लीत पोचली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. तोफा, बुणगे, यात्रेकरू, बायकामुलं असा सगळा पसारा, वाटेत चारा नाही आणि नद्यांना पूर. तुमच्या दोन तासांच्या रेघेला त्यांना साडेचार महिने लागले.

एक बाई तुम्हाला हटकते. परक्या माणसाला इथे नाव आधी विचारत नाहीत, खबर विचारतात.

"कुठून आलास रं बाबा? उत्तरेकडची काय खबर?"

तिचा मुलगा होळकरांच्या पथकात घोड्यांना दाणापाणी करतो. दिवाळीच्या सुमाराला कुणीतरी त्याचा निरोप आणला होता, बरा आहे, एवढाच. तिने त्याच्यासाठी नवी घोंगडी विणून घेतलीय. तो यायचाय म्हणून ती घडी मोडलेली नाही.

तुम्हाला खबर माहीत आहे. हे बोलणं चाललंय त्याच दुपारी इथून सरळ रेघेत हजार किलोमीटरवर, पानिपतच्या माळावर, विश्वासराव पडलेत किंवा पडायच्या बेतात आहेत. दिवस मावळेपर्यंत तिथे काहीही उरणार नाही. मल्हारराव रणातून निघतील. त्यांच्या सोबत निघालेल्यांत तिचा मुलगा होता की नव्हता, हे मात्र तुम्हालाही ठाऊक नाही. त्या दिवसाच्या इतिहासात घोड्यांना दाणा घालणाऱ्यांची नावं नाहीत.

तुम्ही काहीच बोलत नाही. बोललात तरी तिने विश्वास ठेवायचा कसा? आज पानिपतात घडलेलं आज चांदवडला कळूच शकत नाही, हे तिला ओट्यावरच्या उन्हाइतकं पक्कं ठाऊक आहे. नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेच्या वाटेवर होते, माळव्यात भेलशाजवळ. त्यांच्या हाती पहिली खबर आली ती दहाएक दिवसांनी, तीही एका सावकाराच्या पत्रातून. मोती, मोहोरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत मेलेल्यांचा हिशेब त्यात मांडला होता. पानिपतापासून भेलशापर्यंत सरळ रेघ साडेसहाशे किलोमीटर. विमानाला तासही लागत नाही, कासिदांना दहा दिवस लागले. तिथून नर्मदा, सातपुडा, तापी आणि गिरणा ओलांडून खबर दक्षिणेत उतरायची, म्हणजे आणखी कितीतरी रात्री ती घोंगडी तशीच घडीत राहणार.

दोन शहरांमधलं अंतर किलोमीटरमध्ये सांगायची आपल्याला सवय झालीय. मला ते या बाईच्या ओट्यावर बसून मोजावंसं वाटतं. जग बदलून गेल्यावरही जेवढे दिवस जुन्याच जगात स्वयंपाक होत राहतो, तेवढं अंतर. पानिपत ते चांदवड हे अंतर दोन-अडीच आठवड्यांचं होतं. त्या दोन-अडीच आठवड्यांत या गावात लग्नं ठरली असतील, बारशी झाली असतील आणि कुणीतरी उत्तरेला जाणाऱ्या माणसाकडे मेलेल्या मुलासाठी खाऊ दिला असेल.

इथून निघायला जड जातं, तरी पंचवीस वर्षं पुढे या. अहिल्याबाईंचा अंमल आहे. राजधानी तिकडे नर्मदेकाठी महेश्वरला, आणि इथे चांदवडात होळकरांचा वाडा, ज्याला पुढे लोक रंगमहाल म्हणू लागले. लाकडी खांबांवरची कोरीव वेलबुट्टी बघा, मग आवारातल्या बारवेत उतरा. पायऱ्या उतरत गेलात की वरचा उन्हाळा मागे राहतो. रेणुकामातेचं डोंगराला बिलगलेलं मंदिरही याच बाईंनी उभं केलं. वाटेवरच्या गावाला नेमकं काय लागतं, ते त्यांना कळलेलं होतं. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं बांधली. त्यांना पालखीतून आणि कागदपत्रांतून हिंदुस्थान दिसला तो असा, मुक्कामा-मुक्कामांनी जोडलेला. दोन मुक्कामांमध्ये पाणी नसेल तर ती वाट कितीही जवळची असली तरी लांबची, हे बारव बांधणारालाच कळतं.

बाजारात चला. सराफाच्या पेढीवर नाण्यांचे ढीग आहेत. चांदवडला टांकसाळ आहे आणि इथला चांदवडी रुपया दूरवर चालतो. पण दुसऱ्या टांकसाळीचा रुपया पुढे केलात की सराफ तो वाजवून बघेल, तोलेल आणि बट्टा कापेल. इंदूरहून पुण्याला जाणाऱ्या माणसाचा पैसा असा वाटेवर झिजत जातो. अंतराला पायांनी किंमत द्यायची आणि कनवटीलाही.

उत्तरेकडून एक मेळा येतोय. काशी करून परतलेले लोक, खांद्यावर गंगेची कावड. घरून निघून दीड वर्ष झालंय. निघताना घरच्यांनी त्यांना वेशीपर्यंत पोचवलं होतं आणि परत भेट होईल असं कुणीच धरून चाललं नव्हतं. घरी पोचले की ते मावंदं घालतील, अख्खं गाव जेवेल. विमानाने वाराणसीला जाऊन चार दिवसांत परतलेल्या माणसाला मावंदं घालताना मी पाहिलंय. तेही प्रेमानेच घातलं जातं. पण मुळात ते जेवण का होतं, हे या मेळ्यातल्या माणसांच्या टाचा बघितल्यावर कळतं.

चातुर्मासात मात्र हा रस्ता ओस पडतो. नद्या उतार देत नाहीत, चिखलात बैल बसतात. दिल्ली ज्येष्ठात जितकी लांब असते त्याच्या दुप्पट लांब श्रावणात असते. एरवीही वंजाऱ्यांचा तांडा मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या बैलांच्या पाठीवर घेऊन चालतो तो बैल चारत, दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर. तुमच्या विमानाचं एक मिनिटही नाही.

१८१८ साली होळकरांच्या तहानंतर चांदवड इंग्रजांकडे गेलं. पुढे मुंबई-आग्रा रस्ता बांधला गेला, पूल आले, मैलाचे दगड आले. हे सगळं भराभर ओलांडून १८५७ च्या उन्हाळ्यात या. तीन वर्षांपूर्वी इंदूरमार्गे मुंबई आणि आग्रा तारेने जोडले गेलेत. माणसाच्या पायांपासून बातमी पहिल्यांदा सुटी झाली ती इथे. आजवर ती नेहमी कुणाच्या तरी छातीत, थैलीत, पागोट्यात असायची. आता ती एकटीच जाते. पण जाते ती साहेबांच्या कचेरीपर्यंत. त्याच साली वरसईचे विष्णुभट गोडसे चुलत्यांबरोबर चार पैसे मिळवायला उत्तरेकडे चालत निघाले. महूजवळ पोचले तेव्हा कुठे बंडाची कुणकुण लागली आणि मग झाशीपर्यंत सगळं डोळ्यांनी बघून ते घरी परतले. त्यांचं ‘माझा प्रवास’ वाचताना मला सारखं वाटत राहतं की तार होती, बातमी तारेत होती, तरी वाटेवरचा माणूस तिच्याकडे आंधळाच चालत गेला. वेग आला की तो सगळ्यांना एकदम येत नाही.

मग आगगाडी. १८६० च्या दशकात रूळ नाशिकवरून लासलगाव, मनमाड करत भुसावळकडे गेले. चांदवड बाजूला राहिलं, मनमाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर. रेल्वेला चढ नको असतो, आणि चांदवडची तर सगळी ओळखच त्या चढाशी बांधलेली. शेकडो वर्षं जी खिंड गाठल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, तिला लोखंडी रस्त्याने वळसा घातला. रात्री रेणुकामातेच्या पायऱ्यांवर बसा. वारा पूर्वेचा असेल तर लांबवर शिट्टी ऐकू येईल, म्हणजे कुणीतरी उत्तरेला चाललंय. पूर्वी ते इथे थांबलं असतं, पाणी प्यायलं असतं, खबर देऊन गेलं असतं.

गाडीने आणखी एक गोष्ट केली, आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. तिने गावाचा सूर्य काढून घेतला. तोवर चांदवडात दुपार म्हणजे चांदवडच्या माथ्यावर सूर्य. रेल्वेचं घड्याळ आलं ते मद्रासच्या वेळेचं, इथल्या उन्हाच्या वीस-पंचवीस मिनिटं पुढे. १९०६ पासून भारताची एक प्रमाणवेळ झाली. आज चांदवडला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण साडेबारा होऊन गेलेले असतात. दोन दूरच्या शहरांमध्ये गाडी किती तासांत जाते हे सांगायचं तर दोन्हीकडे एकच वेळ लागते, त्यामुळे मधल्या गावांनी आपापली दुपार सोडून दिली.

१९१२ च्या जूनमध्ये मनमाडच्या फलाटावर उभे राहा. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटलेली पंजाब मेल आलीय. आग्रा, दिल्ली, लाहोर करत पेशावरला जाणार, जवळपास अडीच हजार किलोमीटर सत्तेचाळीस तासांत. पानिपतावर जायला ज्यांना महिने लागले त्यांची पणतवंडं आता दोन दिवसांत अटकेच्याही पलीकडे जाऊ शकतात. खिडकीत विलायतेहून आलेले साहेब बसलेत. चांदवडचा एक माणूस डोक्यावर वळकटी घेऊन मागच्या डब्याकडे धावतोय. त्याच्याबरोबर धावा, गाडी फार थांबत नाही.

१९३७ च्या नोव्हेंबरमध्ये मान वर करा. टाटांची मुंबई-दिल्ली विमानसेवा सुरू झालीय, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे टप्पे घेत. मुंबई-इंदूर सरळ रेघ धरली तर ती वणीच्या सप्तशृंगगडाच्या अगदी जवळून जाते, चांदवडच्या पश्चिमेला. डोंगरावर गुरं राखणाऱ्या पोराला एखादे दिवशी ढगात गुणगुण ऐकू आली असेल, काहीतरी चमकून गेलं असेल. त्या छोट्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या आणि मोजकी माणसं. थैलीतल्या पत्रांत त्या पोराच्या गावाचं एकही नसेल.

मग १९६४. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि मिग विमानं तिथे तयार होऊ लागली. चांदवडच्या आकाशाला नवा आवाज मिळाला. वर बघावं तर आवाज असतो तिथे विमान नसतंच, ते केव्हाच पुढे गेलेलं असतं. शाळेच्या पटांगणातली मुलं आवाजाच्या पुढे बोट दाखवायला शिकली. ही इथल्या दोन पिढ्यांची खास नजर आहे, आणि मला ती फार आवडते.

त्याच ओझरहून २०१८ साली दिल्लीला प्रवासी विमान सुटू लागलं. मध्ये खंड पडला, सेवा पुन्हा सुरू झाली. चांदवडहून ओझर पाऊण तास, पुढे हजाराला थोडे कमी किलोमीटर, दोन तासांच्या आत. द्राक्षबागेचा मालक सकाळी बागेत औषध मारून दुपारी दिल्लीत व्यापाऱ्यासमोर बसू शकतो. त्या बाईच्या मुलाला जी वाट जन्माची वाटली असेल, ती आता एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत आलीय. मला याचा मनापासून आनंद आहे. आजारी माणूस, परीक्षेला निघालेली मुलगी, शेवटचं दर्शन घ्यायला धावणारा भाऊ, यांच्यासाठी प्रत्येक वाचलेला तास मोलाचा असतो.

पण माणूस दोन तासांत पोचतो आणि कांदा पोचत नाही. म्हणून शेवटी आजच्या रात्रीत, चांदवडच्या महामार्गावर या. बाजार समितीतून निघालेल्या गोण्या ट्रकमध्ये चढताहेत. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून बिहारातल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे गेली, मनमाड करत, पंधराशे किलोमीटर बत्तीस तासांत. तेव्हा या भागातल्या शेतकऱ्याने तास मोजले, कारण त्याच्या मालाला प्रत्येक तासाचं भय असतं. कांदा गरम होतो, घाम सोडतो, कोंब धरतो. दिल्लीचा भाव फोनवर क्षणात येतो, माल मात्र अजून घाट चढूनच जातो. खबर आणि गोणी यांच्यामधलं अंतर इतकं मोठं कधीच नव्हतं. सकाळी कळलेल्या भावावर माल भरायचा आणि तो पोचेल तेव्हा भाव उतरलेला असेल तर सोसायचं. १७६१ मध्ये खबर उशिरा येई म्हणून माणसं फसत. आता ती लवकर येते, तरी फसतात.

ड्रायव्हर ताडपत्रीची दोरी आवळतोय. तुम्ही विचारता, "दिल्लीला कधी पोचाल, दादा?"

"परवा रात्रीपर्यंत. सेंधव्याचा घाट मोकळा मिळाला तर अजून लवकर."

त्याचा फोन वाजतो. पडद्यावर सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्या मागे शेगडी पेटलेली. "पप्पा, कुठे पोचले?" ती विचारते. तो फोन फिरवून तिला रेणुकामातेच्या मंदिराचे दिवे दाखवतो, मग घाटाचा अंधार. जेवला का, स्वेटर घातला का, हे ती विचारून घेते.

मनमाडच्या बाजूने आकाशात एक लुकलुकता दिवा वर आलाय. पुण्याहून निघालेलं रात्रीचं विमान असणार. तुम्ही मोजायला लागता. तीसला तो किल्ल्याच्या पूर्वेला असतो, सत्तरला घाटाच्या वर. ड्रायव्हर देवीकडे बघून हात जोडतो, गाडी सुरू करतो. एकशे वीसला दिवा डोंगराच्या कडेआड जातो. ट्रक अजून पहिल्याच चढाला आहे. दुसरा गिअर, मग पुन्हा पहिला. गोण्यांच्या ओझ्याने मागची चाकं दबलेली, लाल दिवे वळणावर दिसतात, लपतात, परत दिसतात. आज रात्री तो सेंधव्याच्या पुढे कुठेतरी थांबेल, खाट ओढून दोन तास पाठ टेकेल.